'तिला नंतर सांगू' : कंपनीच्या संचालकांना बेळगावहून खुलं पत्र

माननीय संचालक मंडळ आणि एचआर विभागातील सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातलं तुमचं परिपत्रक मला मेलवर आलं नाही. ते व्हॉट्सअॅपवर मिळालं, फोटो म्हणून. पुण्याच्या ऑफिसात पँट्रीबाहेरच्या फळ्यावर लावलेला कागद एका सहकाऱ्याने जाता जाता टिपला होता. फोटो तिरका, वरच्या ओळींवर ट्यूबलाइटची चमक, आणि खालचा परिच्छेद कुणाच्या तरी खांद्याआड गेलेला. घरून काम करणाऱ्यांबद्दलचा निर्णय नेमका त्याच परिच्छेदात होता. तो वाचायला मला दुसरा फोटो मागवावा लागला.

निर्णय असा: येत्या एप्रिलपासून आठवड्यातले किमान तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर असणाऱ्यांचाच टीम लीड आणि त्यावरच्या पदांसाठी विचार होईल. बाकीच्यांची श्रेणी वेगळी. शिवाय घरून काम करणाऱ्यांनी कामाच्या पूर्ण वेळेत कॅमेरा चालू ठेवायचा, आणि दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवून घ्यायचं. हे सगळं कंपनीत 'आपलेपणाची संस्कृती' वाढावी म्हणून, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

या वर्षात मी एचआरला तीन मेल केले. एकाला 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. बाकी दोनांना काहीच नाही. म्हणून आता उघड लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, मला इथेच काम करायचंय. पण आपापल्या गावात लॅपटॉप उघडून बसलेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हेच येत असणार, तेव्हा त्यांनीही हे वाचावं.

मी २०१८ मध्ये तुमच्याकडे सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. वाकडला तिघींत एक खोली होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी वडगावच्या घरी आले. पुण्यात वडगाव म्हटलं की लोकांना वेगळंच काही आठवतं, म्हणून सांगते: हे बेळगावचं वडगाव. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा पट्टा विणकरांचा. वडील मागावरच काम करायचे. आमचे माग विकले गेले, शेजारच्यांचे अजून चालतात. सकाळी सुरू झाले की भिंतीतून त्यांचा आवाज दिवसभर येत राहतो. २०२१ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून मी इथूनच काम करते. दर वर्षीच्या मूल्यमापनात माझ्या कामाबद्दल तुम्ही चांगलंच लिहिलंत, ते सगळे कागद माझ्याकडे आहेत.

२०२२ मध्ये लहान शहरांतून माणसं घ्यायची असं तुम्हीच ठरवलंत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आमच्या इथे मच्छेजवळ आहे. दर वर्षी इंजिनिअर होऊन बाहेर पडलेली पोरं बेंगळुरू नाहीतर पुण्याची गाडी धरतात. त्यांच्यातली काही घरी राहूनच चांगलं काम करू शकतील, हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल इथली अकरा मुलं-मुली मी शोधून दिली, शिकवून तयार केली. खानापूरकडच्या एका पोराची आई मला म्हणाली होती, "बाई, नोकरी टिकंल न्हवं? न्हाईतर शेताकडं तरी बघू दे त्याला." मी म्हटलं टिकेल, आणि पुढेही जाईल. तो शब्द तुमच्या भरवशावर दिला होता.

आता त्याला टीम लीड व्हायचं तर पुण्याला खोली घ्यावी लागेल. भाडं, खानावळ धरून पगारातलं काय उरतं हे तुम्हाला माहीत आहे.

पण हे पत्र एका परिपत्रकापुरतं नाही. परिपत्रकाने जे लिहून टाकलं, ते आधीपासून होतच होतं.

सोमवारची मीटिंग घ्या. पुण्यातले आठ-नऊ जण एका खोलीत, टेबलाच्या मधोमध एक माइक, आणि आम्ही भिंतीवरच्या पडद्यावर छोट्या चौकोनांत. माइकजवळ बसलेल्याचं ऐकू येतं, कोपऱ्यातल्याचं नाही. खोलीत कुणी हसलं की आम्हाला फक्त हसू ऐकू येतं, कशावर ते कळत नाही. आपण बोलायला तोंड उघडावं तर आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो, तोवर खोलीतलं कुणीतरी बोलायला लागलेलं असतं. हे रोजचंच. सवय झाली.

गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी मात्र मीटिंग संपल्यावर खोलीतला कॉल बंद करायचा राहिला. मी माझ्या वहीत लिहीत होते, म्हणून मीही बाहेर पडले नव्हते. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. तिघे उभे राहून बोलत होते. ज्या पेमेंटच्या मॉड्यूलवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या त्या भागावर, मी पाच महिने काम केलं होतं, ते पुढच्या टप्प्यात कुणाकडे द्यायचं हे त्या उभ्या-उभ्या गप्पांत ठरलं. पुण्यातल्या एकाकडे. तो चांगला मुलगा आहे, माझं त्याच्याशी काही नाही. एकाने विचारलं, तिला सांगायला नको का? दुसरा म्हणाला, "ती तिकडे आहे ना, तिला नंतर सांगू." मग ते चहाला गेले. पडद्यावर रिकामी खोली राहिली. थोड्या वेळाने एक मावशी आल्या, टेबल पुसलं, दिवा घालवला. मी अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसले होते.

मला ते 'नंतर' नऊ दिवसांनी आलं.

माझं पहिलं गाऱ्हाणं हेच आहे. निर्णय बोलण्यात होतात आणि बोलणं ऑफिसच्या भिंतींच्या आत होतं. कुणी आमच्याविरुद्ध कट करत नाही हे मला पक्कं माहीत आहे. समोर दिसतो त्याला काम सांगितलं जातं, कामातून नजरेत भरतो, नजरेत भरला की बढती. आम्ही समोर दिसत नाही. आमच्याबद्दल निर्णय होतो आणि आमच्यापर्यंत त्याची बातमी येते. सीमाभागातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. १९५६ पासून आमच्या घरांत तोच विषय आहे. पण नोकरीच्या जागीही तेच पुन्हा यावं, हे सोसत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला होता. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण तेवढंच काम करूनही त्यांना बढत्या कमी मिळाल्या. म्हणजे दुरून काम करणाऱ्याला डावललं जाणं हा इतरत्रही दिसलेला दोष आहे, आणि चांगली कंपनी तो दुरुस्त करायला बघते. तुम्ही त्या दोषाचा नियम केलात.

त्याच कंपनीतला, ब्लूम यांचाच दुसरा अभ्यास २०२४ मध्ये आला, १,६१२ जणांचा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, आणि बढत्यांमध्ये फरक पडला नाही. हाही मी सांगते, कारण ऑफिसात येण्याला माझा विरोध नाही. समोरासमोर बसून जे सुटतं ते कधीकधी दहा कॉलमध्ये सुटत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. मला बोलवा, मी येईन. पण आठवड्यातून तीन दिवस ३४० किलोमीटर जायचं आणि यायचं?

ये-जा करणं किती सोपं आहे याबद्दलही थोडं. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही वार्षिक मेळावा ठेवला होता. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि महाराष्ट्राच्या एसटीने इकडे गाड्या सोडणं थांबवलं. मी आणि चिकोडीची एकजण, आम्ही दोघींनी तसं कळवलं. घरच्यांनी पाठवलं नसतंच. मेळाव्यानंतर आलेल्या यादीत आमच्या नावापुढे 'विनाकारण गैरहजर' असं होतं. ती नोंद काढायला मला दोन महिने मेल करावे लागले. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत सुरू आहे, तिने सोय झाली, नाही म्हणत नाही. पण तिकिटाचे पैसे कंपनी देईल का, या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय.

कॅमेऱ्याबद्दल मला स्पष्ट लिहावं लागेल. आमच्या घरात मधली खोली एकच. माझं टेबल तिथंच, आईची कॉटही तिथंच. पाठीमागचं दृश्य धूसर करता येतं हे मला माहीत आहे. आई हालचाल करते तेव्हा ते धूसरपण फाटतं आणि तिचा हात, तिचा चेहरा मध्येच स्पष्ट दिसतो. दिवसातून तीन-चार वेळा मी उठून तिला बेडपॅन देते. नऊ तास चालू असलेल्या कॅमेऱ्यापुढे तिने हे सगळं करून घ्यायचं का? तिने तुमच्या कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. मीटिंगमध्ये बोलताना मी कॅमेरा लावतेच, तोंड दाखवायला मला लाज नाही. दिवसभराची पाळत मात्र मान्य नाही.

आणि ते दर दहा मिनिटांचे फोटो. टेस्टिंग करणारा माणूस काय काय तपासायचं त्या केसेस बराच वेळ कागदावर मांडत असतो, विचार करत असतो. त्या वेळी स्क्रीन हलत नाही. आमच्यातला एकजण जांबोटीकडचा आहे. खानापूर तालुक्याच्या त्या पट्ट्यात जुलैमध्ये पाऊस कसा पडतो ते बघायला तुम्ही एकदा या. झाड तारेवर पडलं की हेस्कॉमची माणसं पोचेपर्यंत दोन-दोन दिवस वीज नसते. हा पोरगा लॅपटॉप आधी खताच्या पिशवीत, मग सॅकमध्ये घालतो, रेनकोट चढवून मोटरसायकलवरून खानापूरला येतो आणि मामाच्या दुकानात मागच्या बाजूला, पोत्यांवर बसून काम पुरं करतो. तुमच्या सॉफ्टवेअरला त्या दिवशी फक्त सकाळचे चार तास बंद स्क्रीन दिसेल.

भाषेचं गाऱ्हाणं दुहेरी आहे. हाच मुलगा रुजू झाला तेव्हा पहिल्या कॉलवर त्याने आपुलकीने विचारलं, "काय करालाय सर?" आमच्याकडे असंच बोलतात, कोल्हापुरातही बोलतात. पुण्यातली खोली हसली. कुणीतरी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. त्या दिवसापासून तो मीटिंगमध्ये बोलत नाही, चॅटवर 'ओके' टाइप करतो. त्याला सुचतं बरंच. मला फोन करून सांगतो, मी मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन मांडते. हे किती दिवस चालायचं?

दुसरी बाजूही सांगते, कारण त्यात मीही आहे. बैलहोंगलच्या आमच्या सहकारी मुलीची भाषा कन्नड. मीटिंग इंग्रजीत सुरू होते आणि पाच मिनिटांत मराठीवर घसरते. ती गप्प ऐकत राहते. एकदा मी तिला विचारलं, समजतं का गं सगळं? म्हणाली, अर्धं समजतं, अर्धं तुमच्या चेहऱ्यांवरून लावते. मला खरंच वाईट वाटलं. भाषेपायी बाजूला पडणं म्हणजे काय हे बेळगावच्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको, आणि मीच तिच्याशी तसं वागत होते. आता मी कामाचं बोलणं तिला कळेल अशाच भाषेत करते. गप्पा मराठीत होऊ देत, कन्नडमध्ये होऊ देत. निर्णय सगळ्यांना समजेल अशा भाषेत व्हावा.

सुट्ट्यांची यादी पुण्याची आहे. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी मिळते. पण बेळगावात शिवजयंती वैशाखात, तिथीने होते, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, अख्खं शहर रस्त्यावर असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला स्टँडअप कॉल, म्हणजे कामाची रोजची छोटी मीटिंग, असतो. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी. आम्ही मराठी माणसं तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतो. त्या दिवसाबद्दल माझ्या घरात जे वाटतं आणि बैलहोंगलच्या घरात जे वाटतं, ते अगदी वेगळं आहे. ते आम्ही दोघी एकमेकींना सांगतो आणि तरी नीट काम करतो. पण गेल्या वर्षी दोघींनाही त्या दिवशी तिमाही आढाव्याला बसावं लागलं, शहरात सगळीकडे बंदोबस्त असताना. तारीख ठरवताना तुमच्यापैकी कुणी आम्हाला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

निपाणीच्या आमच्या सहकारी बाईचं बाळ आठ महिन्यांचं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यातच म्हटलं गेलं की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम ठरवता येतं. तिने ते लेखी ठरवून घेतलंय. तिला आता सांगितलं गेलंय की पदोन्नतीचा नियम 'सगळ्यांना सारखाच' आहे.

आम्हाला जोडून घ्यायला एचआरने शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन हौजी सुरू केली. ज्या मुलीने ती सुरू केली तिने मनापासून केली, आम्ही खेळतोही. पण माझं मॉड्यूल कुणाकडे गेलं हे मला नवव्या दिवशी कळणार असेल, तर शुक्रवारच्या हौजीने मला कंपनी आपली कशी वाटेल? माझं म्हणणं एवढंच आहे की मला माझ्या कामाचं वेळेवर कळावं, माझं मत निर्णयाआधी विचारलं जावं, आणि चांगलं काम केलं तर पुढे जाता यावं. पुण्यातल्या माणसाला हे तीनही न मागता मिळतं.

म्हणून आमच्या मागण्या. आम्ही अकरा आणि मी, बारा जणांनी बसून ठरवलेल्या.

पदोन्नतीसाठी तीन दिवसांच्या हजेरीची अट मागे घ्यावी, आणि गेल्या तीन वर्षांत पुण्यातल्यांना किती आणि बाहेरगावच्यांना किती बढत्या मिळाल्या ते आकडे सर्व कर्मचाऱ्यांपुढे ठेवावेत. ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे. बाकीच्यांवर चर्चा करू, हिच्यावर नाही.

ज्या मीटिंगमध्ये एकही जण दुरून असेल तिथे सगळ्यांनीच आपापल्या लॅपटॉपवरून यावं, पुण्याच्या खोलीतल्यांनीही. खर्च शून्य आहे.

कामाचा कुठलाही निर्णय, कोणी घेतला आणि का घेतला यासह, दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना दिसेल अशा एका ठिकाणी लिहिलेला असावा. चहावर ठरलं तरी हरकत नाही, पण लिहिल्याशिवाय ते ठरलं असं धरू नये. गिटलॅबसारखी सॉफ्टवेअर कंपनी ऑफिसशिवाय चालते आणि आपली कामाची पद्धत हँडबुकात लिहून जगापुढे ठेवते. आपण निदान आपल्या माणसांपुढे तरी ठेवू.

दिवसभराचा कॅमेरा आणि स्क्रीनचे फोटो रद्द करावेत. काम मोजायचं तर पूर्ण झालेल्या कामावरून मोजा, आम्ही तयार आहोत.

ठरलेल्या सुट्ट्यांपैकी पाच सुट्ट्या ज्याने त्याने आपल्या गावच्या सणावाराप्रमाणे घ्याव्यात. इन्व्हर्टर आणि इंटरनेटसाठी भत्ता मिळावा; पुण्याच्या ऑफिसातला जनरेटर कर्मचारी स्वतःच्या खिशातून चालवत नाहीत.

वर्षातून दोनदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटावं, प्रवासखर्च कंपनीचा. त्यातली एक भेट इकडे, बेळगावला ठेवा. व्यवस्था आम्ही करतो. शहापूरच्या कुंद्यापासून यळ्ळूरच्या तांदळाच्या भातापर्यंत सगळं घरचं असेल, आणि जांबोटीच्या पोराशी तुम्ही समोर बसून बोलाल तेव्हा त्याला किती सुचतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

येत्या सोमवारी साडेदहाच्या मीटिंगला आम्ही बाराही जण आपापल्या लॅपटॉपवर असू. उत्तर तिथे द्या, आणि त्याच दिवशी लेखी द्या. फळ्यावर नको, मेलवर.

आपली विश्वासू,
टेस्टिंग विभागातील एक कर्मचारी
वडगाव, बेळगाव